मोजपट्टी दोघांसाठी एकच आहे, हे तपासलं कोणी?

चीन आणि मेक्सिकोतल्या लोकांना सर्वेक्षणात एक प्रश्न विचारला गेला: तुमच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नांकडे सरकारने लक्ष द्यावं, यासाठी तुमचा शब्द कितपत चालतो? उत्तराला पाच पायऱ्या होत्या. सगळ्यात खाली 'अजिबात चालत नाही', सगळ्यात वर 'हवा तेवढा चालतो'. मेक्सिकोत २००० सालच्या निवडणुकीत सत्तर वर्षांहून अधिक काळ सत्तेत मुरलेला पक्ष हरला होता. चीनमध्ये देशाचं सरकार बदलणारी अशी निवडणूक होतच नाही. तरीही आकडे आले ते उलटे. आपला शब्द चालतो असं सांगण्यात चिनी लोक मेक्सिकन लोकांच्या पुढे होते.

गॅरी किंग, ख्रिस्तोफर मरे, जोशुआ सॅलोमन आणि अजय टंडन या संशोधकांनी २००४ साली हे आकडे मांडले, ते चिनी नागरिकाचं सरकारदरबारी वजन जास्त आहे असं सांगायला नव्हे. त्यांचा रोख मोजपट्टीवर होता. 'बऱ्यापैकी चालतो' या पायरीवर खूण करणारा चिनी माणूस आणि त्याच पायरीवर खूण करणारा मेक्सिकन माणूस एकाच मापाने बोलताहेत का? बोलत नसतील, तर दोघांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून हाती काय लागणार?

या प्रश्नाला 'मापन-समतुल्यता' असं भारदस्त नाव आहे. नाव सोडून द्या, प्रश्न रोजचा आहे. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त खिन्न असतात, अमुक देशातले लोक तमुक देशातल्या लोकांपेक्षा सुखी आहेत, तरुण कर्मचारी नोकरीत कमी समाधानी आहेत, अशी वाक्यं बातम्यांत येतात तेव्हा त्यांच्यामागे एखादी प्रश्नावली असते. ती दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजते, हे गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक तपासता येतं. पुष्कळदा ते तपासलेलं नसतं, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

न दिसणारं मोजायचं कसं

उंची मोजायला पट्टी लावता येते. खिन्नता, आत्मसन्मान, विश्वास यांना ती लावता येत नाही, म्हणून वळसा घालून जावं लागतं. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली रीत आजही चालते: काही विधानं द्यायची, प्रत्येकापुढे 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पायऱ्या ठेवायच्या आणि आकड्यांची बेरीज करायची. एकाच विधानावर भिस्त ठेवता येत नाही, कारण त्यात त्या विधानापुरतं असं बरंच काही मिसळलेलं असतं. दहा-वीस विधानं घेतली की हे इकडचं तिकडचं एकमेकांत जिरतं आणि सगळ्यांत समान असलेलं तेवढं वर येतं.

म्हणजे कल्पना अशी, की आत एक न दिसणारी पातळी आहे आणि उत्तरं ही तिची लक्षणं. पातळी वर गेली की उत्तरंही वर सरकतात. एकेका विधानाचं या आतल्या पातळीशी असलेलं नातं दोन आकड्यांत पकडता येतं. आतली पातळी शून्यावर असताना माणूस त्या विधानाला सरासरी किती आकडा देतो, तो त्याचा 'पाया'. आतली पातळी एका पायरीने चढली की उत्तर किती सरकतं, तो त्याचा 'भार'. पुढचा सगळा खेळ या दोन आकड्यांचा आहे.

आता दोन गट घ्या. अमेरिकी संख्यामानसशास्त्रज्ञ विल्यम मेरेडिथ यांचा १९९३ चा लेख या विषयात आजही पायाभूत मानला जातो. त्याचं सार साध्या शब्दांत सांगायचं तर: दोन माणसांची आतली पातळी अगदी सारखी असेल, तर ती कोणत्या गटातली आहेत यावरून त्यांच्या उत्तरांबद्दल आणखी काहीही कळता कामा नये. कळत असेल, तर प्रश्नावली आतल्या पातळीसोबत गटाचंही काहीतरी मोजते आहे.

रडण्याचा प्रश्न

खिन्नतेच्या सर्वेक्षणांत सीईएस-डी नावाची प्रश्नावली फार वापरली जाते. लेनोर रॅडलॉफ यांनी ती १९७७ साली प्रसिद्ध केली. त्यात वीस विधानं आहेत. गेल्या आठवड्यात हे किती वेळा झालं, असं प्रत्येकाबद्दल विचारायचं आणि ० ते ३ पैकी आकडा घ्यायचा. एकूण बेरीज जास्तीत जास्त ६०. ती १६ किंवा त्याहून वर गेली, तर या माणसाकडे अधिक लक्ष द्यायला हवं असं मानायची पद्धत आहे.

या वीस विधानांत एक रडू कोसळण्याबद्दलचं आहे. लोक माझ्याशी मायेने वागत नव्हते, अशा अर्थाचं एक आहे. लोकांना मी आवडत नाही असं वाटलं, हे आणखी एक. अमेरिकेतल्या न्यू हेवन इथल्या वयस्कर लोकांच्या पाहणीवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हीच विधानं वेगळी काढून पाहिली. एकंदर खिन्नता सारखी असलेल्या स्त्री-पुरुषांत रडण्याच्या विधानाला स्त्रिया जास्त वेळा होकार देत होत्या. एकंदर खिन्नता सारखी असलेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांत, लोकांच्या वागण्याबद्दलच्या त्या दोन विधानांना कृष्णवर्णीय माणसं जास्त वेळा होकार देत होती.

हे का घडलं असावं, याचा अंदाज बांधायला मोठी विद्वत्ता लागत नाही. बाईने रडणं चालतं, पुरुषाने रडणं चालत नाही, असं पुष्कळ समाजांत लहानपणापासून शिकवलं जातं. आणि ज्या माणसाशी लोक खरोखरच फटकून वागतात, तो 'लोक मायेने वागत नाहीत' असं म्हणतो तेव्हा तो आजाराचं लक्षण सांगत नसतो, वस्तुस्थिती सांगत असतो. प्रश्नावली मात्र दोन्ही होकारांना सारखेच आकडे देते.

हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. चारच विधानांची छोटी प्रश्नावली धरा: उदास वाटणं, झोप न लागणं, कशात मन न रमणं आणि रडू येणं. पहिल्या तिन्हींचा पाया ०.३ आणि भार ०.८, स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखाच. रडण्याचा भार दोघांसाठी ०.५, पण पाया पुरुषांसाठी ०.२ आणि स्त्रियांसाठी ०.७. आता एक पुरुष आणि एक स्त्री घ्या, दोघांची आतली खिन्नता नेमकी १. पहिल्या तीन विधानांवर दोघांनाही प्रत्येकी १.१, म्हणजे ३.३. रडण्यावर पुरुषाला ०.७, स्त्रीला १.२. एकूण पुरुष ४.०, स्त्री ४.५. खिन्नता सारखी, बेरीज वेगळी, आणि अख्खा फरक एका विधानातून आलेला.

हा फरक खिन्नता कितीही असली तरी अर्ध्या गुणाचाच राहतो. प्रकरण जास्त अवघड होतं ते भार वेगळा असला की. रडण्याचा पाया दोघांचाही ०.२, पण भार पुरुषांचा ०.३ आणि स्त्रियांचा ०.९ असं समजा. खिन्नता शून्य असताना दोघांत काहीच फरक नाही. ती १ असताना ०.६ चा फरक, २ असताना १.२ चा. म्हणजे निरोगी लोकांत प्रश्नावली अगदी न्यायी दिसते आणि जसजसं दुखणं वाढतं तसतशी ती एका बाजूला झुकते. नेमकी जिथे तिची गरज असते, तिथेच.

वीस विधानांच्या बेरजेत एका विधानाची खोट लहान असते, हे खरं. पण १६ ची रेघ जिथे ओढलेली असते तिथे १५ आणि १६ मध्ये बरंच काही ठरतं. रेघेच्या आसपास माणसं दाटीने असतील, तर अर्ध्या गुणाने 'धोक्यातल्या' लोकांची टक्केवारी हलते.

किती सारखं असलं म्हणजे पुरे

समतुल्यता ही आहे किंवा नाही अशा दोनच खान्यांत बसत नाही. तिच्या पायऱ्या आहेत, आणि त्या समजायला तापमापक सोयीचा पडतो.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे दोन्हीकडे मुळात तापमापकच आहे ना, हे पाहणं. एका गटात दहाही विधानं एकाच गोष्टीभोवती जमत असतील आणि दुसऱ्या गटात त्यांचे दोन वेगळे पुंजके पडत असतील, तर तुलना सुरू होण्याआधीच संपली. याला रचनेची समतुल्यता म्हणतात. रोझेनबर्ग यांची १९६५ ची आत्मसन्मानाची दहा विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यातली निम्मी विधानं सुलटी आणि निम्मी उलटी आहेत: स्वतःबद्दल चांगलं म्हणणारी पाच, वाईट म्हणणारी पाच. डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक यांनी २००५ साली ५३ देशांतली उत्तरं तपासली, तेव्हा एकंदर रचना बऱ्याच ठिकाणी टिकली. पण उलटी विधानं सगळीकडे सारख्या अर्थाने घेतली जात नाहीत, हेही समोर आलं. स्वतःबद्दलच्या चांगल्या विधानाला मान हलवणारा माणूस वाईट विधानाला नकार देईलच, हे तर्काने बरोबर वाटतं. माणसं तर्काने प्रश्नावली भरत नाहीत.

दुसरी पायरी भारांची. सेल्सिअस आणि केल्विन आठवा. दोन्हींचा शून्य वेगळ्या जागी आहे, पण एक अंश म्हणजे तेवढीच उष्णता. काल-आजमध्ये तापमान किती चढलं हे दोन्ही मापकांवर सारखंच दिसेल. आत्ता जास्त गरम कुठे आहे हे मात्र आकडे थेट शेजारी ठेवून सांगता येणार नाही. भार सारखे असले की अशी परिस्थिती असते. 'विश्वास वाढला की मतदान वाढतं का, आणि हे नातं दोन्ही देशांत सारखंच घट्ट आहे का?' असल्या प्रश्नांना एवढं पुरतं. भारही सारखे नसतील, तर ती सेल्सिअस आणि फॅरनहाइटची गत: शून्यही वेगळा, अंशही वेगळा.

तिसरी पायरी 'पाया'ची. भार आणि पाया दोन्ही सारखे असतील, तरच सरासऱ्यांची तुलना करायला तोंड उरतं. इथेच बहुतेक प्रश्नावल्या अडखळतात, विशेषतः डझनावारी देशांची तुलना असते तेव्हा. गंमत अशी की लोकांना हवी असते ती नेमकी सरासऱ्यांची यादी: पहिला कोण, शेवटचा कोण. सगळ्यात अवघड अट जिथे लागते, तीच गोष्ट सगळ्यात सहज छापली जाते. चौथीही एक पायरी आहे, प्रत्येक विधानातली उरलीसुरली चूक दोन्हीकडे सारखी असण्याची. ती फारशी लागत नाही.

तपासायची रीत १९७१ पासून उपलब्ध आहे. स्वीडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल योरेस्कोग यांनी अनेक गटांवर एकाच वेळी घटक विश्लेषण, म्हणजे उत्तरांमागची न दिसणारी पातळी शोधायचं गणित, कसं करायचं ते तेव्हा दाखवलं. आधी प्रत्येक गटाला आपापले भार आणि पाया मोकळे ठेवू द्यायचे. मग सगळ्यांचे भार सारखे आहेत अशी सक्ती करायची आणि गणिताचं प्रत्यक्ष उत्तरांशी जुळणं किती बिघडतं ते पाहायचं. मग पायाही सारखे करायचे आणि पुन्हा पाहायचं. जुळणी फारशी बिघडली नाही, तर सक्ती मान्य. शैक्षणिक परीक्षांच्या जगात हाच विचार वेगळ्या वाटेने आला: सारख्या क्षमतेचे दोन गट एखाद्या प्रश्नावर वेगळे का वागतात, हे प्रश्नागणिक तपासायचं. दोन्ही वाटा बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी पोचतात.

'फारशी बिघडली नाही' म्हणजे किती? इथे जरा गंमत आहे. गणित आणि उत्तरं यांतली तफावत निव्वळ योगायोगाची आहे का, हे पाहणारी जुनी काय-वर्ग चाचणी हजारो उत्तरं असली की किरकोळ फरकालाही नापास करते. म्हणून गॉर्डन च्युंग आणि रॉजर रेन्सव्होल्ड यांनी २००२ साली दुसरा ढोबळ नियम सुचवला: जुळणीचा सीएफआय नावाचा निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला नाही, तर चालवून घ्या. हा नियम दोन गटांच्या संगणकीय प्रयोगांतून आलेला. पुढे लेस्ली रुटकोव्स्की आणि डुबराव्का स्वेतिना यांनी २०१४ साली दाखवलं, की गटांची संख्या वाढली की भारांच्या पायरीवर अट थोडी सैल करावी लागते. पण ०.०१ हा आकडा आता दगडावरची रेघ झाला आहे. ०.००९ आला की लेखक सुटकेचा निःश्वास टाकतात, ०.०११ आला की हवालदिल होतात. मला विचाराल तर याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे: संशयित विधान बाजूला काढलं, तर गटांमधला फरक किती बदलतो? वरच्या रडण्याच्या उदाहरणात तो पूर्ण नाहीसा झाला असता. अनेकदा तो जवळपास जागच्या जागी राहतो. दोन्ही वेळा 'समतुल्यता नाही' असा एकच शेरा मारणं म्हणजे माहिती वाया घालवणं.

आणखी एक अडचण कमी बोलली जाते. न दिसणाऱ्या गोष्टीला स्वतःचा शून्य नसतो, म्हणून तुलनेसाठी एखादं विधान 'हे दोन्हीकडे सारखंच' असं ठरवून त्यावर बाकीची तोलावी लागतात. निवडलेलं विधानच खोटं निघालं, तर खरी विधानं खोटी ठरतात. कोणावर विश्वास ठेवायचा हे आधी ठरवल्याशिवाय कोण विश्वासू आहे ते तपासता येत नाही. यावर तोडगे आहेत, फुकटचा एकही नाही.

सारखेच प्रश्न, वेगळी उत्तरं

मोजपट्टी बिघडते त्याची कारणं बरीच आहेत. काही लोकांना टोकाच्या पायऱ्या आवडतात, काहींना मधली. चुआनशेंग चेन, शिन-यिंग ली आणि हॅरल्ड स्टीव्हन्सन यांनी १९९५ साली शाळकरी मुलांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपान आणि तैवानमधली मुलं मधली पायरी जास्त निवडत होती, अमेरिकी मुलं टोकाची. काही लोक समोर येईल त्याला 'हो' म्हणतात; पुढ्यातल्या माणसाला दुखवू नये म्हणून, किंवा कंटाळून. वयाचाही हात असतो. झोप उडणं, दमून जाणं ही तिशीतल्या माणसात खिन्नतेची खूण असू शकते. ऐंशीतल्या माणसात ती नुसत्या वयाचीही असते.

सगळ्यात चकवणारं कारण म्हणजे आपण स्वतःला कोणाशेजारी ठेवून मोजतो. 'मी कुटुंबाच्या इच्छेला स्वतःच्या इच्छेपेक्षा जास्त मान देतो' या विधानावर सहमत व्हायचं की नाही, हे माणूस भोवतालच्या लोकांकडे पाहून ठरवतो. जिथे सगळेच कुटुंबाला पुढे ठेवतात, तिथे त्याला स्वतःत काही विशेष दिसत नाही आणि तो मधली पायरी निवडतो. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली याला संदर्भगटाचा परिणाम म्हटलं. जपान आणि उत्तर अमेरिका या दोन संस्कृतींतला जो फरक अभ्यासकांना अगदी उघड वाटतो, तो प्रश्नावलीच्या सरासऱ्यांत पुसट होतो किंवा दिसतच नाही, तो यामुळेही, असा त्यांचा युक्तिवाद.

आजाराच्या बाबतीत हेच अमर्त्य सेन यांनी २००२ साली मांडलं होतं. केरळात लोक दीर्घायुषी आणि साक्षर, तरी 'मी आजारी आहे' असं सांगण्याचं प्रमाण जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी, तरी आजाराची तक्रार कमी. अमेरिकेत तर तक्रारी केरळहूनही जास्त. दुखणं कशाला म्हणायचं हे डॉक्टर, दवाखाना आणि शिक्षण यांच्या सहवासात ठरतं. नुसत्या तक्रारींवरून आरोग्यावरचा पैसा वाटला, तर तो नको तिथे जाईल.

चाचणीला न दिसणारी खोट

इथपर्यंत वाचून असं वाटेल, की घटक विश्लेषणाची चाचणी पास झाली म्हणजे प्रश्न मिटला. तसं नाही, आणि हे अनेक शोधनिबंधांतही नीट उमटत नाही.

चाचणी विधानांची एकमेकांशी तुलना करते. एक विधान इतरांपेक्षा वेगळं वागलं, तर ते पकडलं जातं. पण एखाद्या गटातले लोक सगळ्याच विधानांना अर्धी पायरी वर चढून उत्तर देत असतील तर? मग कोणतंच विधान वेगळं पडत नाही. सगळी मिळून एकसुरात वर सरकतात आणि गणित म्हणतं, या गटाची आतली पातळीच जास्त आहे. सगळी विधानं सुलट असलेल्या प्रश्नावलीत 'हो' म्हणण्याची सवय नेमकी अशीच लपते. चाचणी उत्तम गुणांनी पास, आणि निष्कर्ष चुकीचा.

किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन-मेक्सिकोच्या कोड्यावर जी युक्ती वापरली, ती इथेच कामाला येते. लोकांना स्वतःबद्दल विचारून झाल्यावर त्यांनी काल्पनिक माणसांची छोटी वर्णनं वाचून दाखवली. एका बाईकडे पिण्याचं स्वच्छ पाणी नाही. ती आणि तिचे शेजारी हा प्रश्न सोडवण्याचं वचन देणाऱ्या विरोधी उमेदवाराच्या मागे उभे राहिले आहेत. दुसऱ्या एका पुरुषाकडेही पाणी नाही. त्याला मत देता येत नाही, सरकारात कोणाला पर्वा आहे असं त्याला वाटत नाही, आणि तो मुकाट्याने सोसतो आहे. यांचा शब्द कितपत चालतो? उत्तराच्या पायऱ्या त्याच. सगळ्यांसमोर तीच माणसं असल्यामुळे, उत्तरांत जो फरक येतो तो पायऱ्या वापरण्यातला. मग आपण स्वतः या काल्पनिक माणसांच्या वर आहोत की खाली, एवढंच पाहायचं. तसं पाहिल्यावर क्रम उलटला: मेक्सिकन लोक वर आले, चिनी खाली गेले.

शाळांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पिसामध्ये, असंच एक जुनं कोडं होतं. एकाच देशाच्या आत पाहिलं, तर ज्या मुलांना विषयाची आवड जास्त त्यांना गुणही जास्त. देशादेशांच्या सरासऱ्या लावल्या की उलट चित्र: ज्या देशांतली मुलं आवड जास्त सांगतात, त्या देशांचे गुण कमी. २०१२ च्या फेरीत काही प्रश्नांसाठी काल्पनिक शिक्षकांची वर्णनं वापरली गेली, आणि त्यानुसार उत्तरं दुरुस्त केल्यावर हा उलटेपणा बराच ओसरला.

युक्तीलाही अटी आहेत. वर्णनातला माणूस सगळ्यांना सारखाच दिसला पाहिजे, आणि ज्या मापाने त्याला मोजलं त्याच मापाने स्वतःला मोजलं पाहिजे. दुसरी अट नेहमी पाळली जाते असं मला वाटत नाही. स्वतःबद्दल बोलताना माणूस सावध असतो, परक्याबद्दल मोकळा.

जागतिक आनंद अहवालाच्या क्रमवारीचा आधार तर एकच प्रश्न आहे: ० ते १० पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कुठे आहे? ही शिडी हॅडली कँट्रिल यांची, १९६५ ची. २०१८ पासून वर्षानुवर्षं फिनलंड पहिला. एकाच प्रश्नावर घटक विश्लेषणाची चाचणी लावताच येत नाही, कारण तुलनेला दुसरं विधानच नाही. म्हणून ती क्रमवारी चुकीची ठरत नाही. उत्पन्न, आयुर्मान, सामाजिक आधार यांच्याशी ती बऱ्यापैकी जुळते. पण चौदावा आणि एकोणिसावा क्रमांक यांतल्या फरकावर चर्चा झडते, तेव्हा मी पान उलटतो.

नापास झाल्यावर

चाचणी फसली तर काय? एक मार्ग १९८९ पासूनचा आहे: बार्बरा बर्न, रिचर्ड शेव्हलसन आणि बेंग्ट मुथेन यांनी सुचवलेली अंशतः समतुल्यता. बिघडलेली विधानं गटागणिक मोकळी सोडायची आणि ठणठणीत असलेल्यांवर तुलना उभी करायची. खूप देश असले की हे हाताने करणं जिकिरीचं होतं. टिहोमिर अस्पारूहॉव्ह आणि मुथेन यांनी २०१४ साली मांडलेल्या जुळवणीच्या पद्धतीत संगणक असा मेळ शोधतो, ज्यात बहुतेक विधानं जवळपास सारखी राहतात आणि थोडीच ठळकपणे वेगळी पडतात.

आणि मग भांडण आहे. ख्रिश्चन वेल्झेल, रोनाल्ड इंगलहार्ट आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सरळ म्हटलं, की समतुल्यता नसण्याचा बाऊ केला जातो आहे. एखाद्या देशाची सरासरी मोजपट्टीच्या टोकाजवळ असली की उत्तरांना पसरायला जागाच उरत नाही आणि विधानांमधले संबंध आपोआप ढिले दिसतात. शिवाय देशांच्या सरासऱ्या बाहेरच्या गोष्टींशी, लोकशाही किंवा विकासाशी, अपेक्षेप्रमाणे जुळत असतील तर तेवढं पुरे. बार्ट म्यूलमन आणि इतरांनी उत्तर दिलं: बाहेरच्या गोष्टीशी जुळणं म्हणजे बरोबर मोजणं नव्हे, चुकीची मोजपट्टीही त्याच दिशेला झुकलेली असू शकते. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूचा टोकाजवळच्या गर्दीचा मुद्दा गणिती आहे आणि तो नुसता झटकून चालत नाही.

अहवाल वाचताना दोनच गोष्टी शोधाव्यात. विधानं छापली आहेत का, आणि गटागणिक एकेका विधानाची सरासरी दिली आहे का. नुसती बेरीज दिली असेल, तर फरक सगळ्या विधानांतून आला की एकातून, हे वाचकाला शोधायचा मार्गच उरत नाही.

गट म्हणजे देश किंवा लिंगच हवं असंही नाही. एकच माणूस दोन वेगळ्या वेळीही दोन गटांसारखा वागतो. आयुष्याची गुणवत्ता मोजणाऱ्या डॉक्टरांना हे फार छळतं: मोठ्या आजारातून गेलेला माणूस काही महिन्यांनी पूर्वीइतकेच गुण देतो, कधी जास्तही, आणि त्याची प्रकृती तर सुधारलेली नसते. मिर्जाम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ साली यात तीन गोष्टी वेगळ्या केल्या: पायऱ्यांचं माप बदलणं, कशाला किती महत्त्व द्यायचं ते बदलणं, आणि 'चांगलं आयुष्य' या कल्पनेचाच अर्थ बदलणं. फ्रान्स ऊर्ट यांनी २००५ साली या तिन्ही गोष्टी पाया, भार आणि रचना यांच्याशी जोडून दाखवल्या आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी व नंतर दिलेल्या उत्तरांवर हीच चाचणी चालवली. तिथे पाया हलला, तर संशोधक प्रश्नावली फेकून देत नाहीत. माणूस आजारपणाशी कसा जुळवून घेतो आहे त्याची नोंद म्हणून तो आकडा छापतात.